भूकंप नव्हे, कान

आमची आत्या लातूरची. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घर फिरल्यासारखं झालं की ती 'हलतंय, बाहेर पळा' म्हणून ओरडायची. कुणी पित्त म्हणालं, कुणी भीती. डाव्या कानात घूं घूं व्हायचं, ते कुणी विचारलंच नाही. पुढे नांदेडच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं: मेनिएर.

अशा चकरेला पूर्वी मेंदूत रक्त चढणं म्हणत. १८६१ साली पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी दोष आतल्या कानात दाखवला. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांना मृत रुग्णांच्या कानात द्रव साचून फुगलेला पडदा दिसला. या दुखण्यात बहुधा आधी जाड, खालचे सूर जातात. डाव्या कानाला फोन लावला की आत्याला वडिलांचं बोलणं कळेना, नातीचं कळायचं. आम्ही म्हणायचो, सोयीचं तेवढंच ऐकते.