कर्वेनगरच्या टेकड्यांवर डायनासोरकाळातल्या वनस्पती सापडतील का?

शक्यता फार कमी. कर्वेनगरभोवतीच्या टेकड्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाच्या आहेत. डायनासोर संपले तोच हा काळ. पण तप्त लाव्हात वनस्पती जळून जातात. इथल्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ती बहुधा मँगनीजची असते, जीवाश्म नव्हे.

मग शोधायचं कुठे? दोन लाव्हाथरांमधल्या तळ्यांच्या गाळात. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव आणि छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलां त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे सिलिका झिरपल्यामुळे खोडं, फळं, बिया पेशींच्या रचनेसकट दगडात टिकल्या आहेत.

असा दगड दिसला तर उचलू नका. फोटो काढा, नेमकी जागा नोंदवा आणि भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना कळवा. कुठल्या थरातला हेच माहीत नसेल, तर त्याचं वय ठरवणं अवघड होतं.