समाजोत्सवांचा खर्च आणि मद्यविक्रीचें नियमन

प्राचीन काळीं आपल्या देशांत मल्लयुद्धें, शस्त्रप्रयोग, नटनर्तकांचे खेळ इत्यादिकांसाठीं जे मोठे जनसमुदाय जमत, त्यांस संस्कृत व प्राकृत वाङ्मयांत 'समाज' अशी संज्ञा आहे. या समाजांचे उल्लेख विपुल आहेत. रंगभूमि कशी शृंगारली, मल्ल कसे भिडले, राजा कोठें बसला, हें सर्व त्यांत मिळतें. मात्र या सोहळ्यांचें द्रव्य कोणाच्या पदरचें, आणि त्या दिवशीं मद्यविक्रीस मोकळीक असे कीं बंदी, हे दोन प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. वरवर पाहतां ते भिन्न दिसतात. परंतु एकाच जमाखर्चाच्या त्या दोन बाजू आहेत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कोरीव लेख पाहूं. नाशिकनजीकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यामध्यें गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. तो वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षाचा. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याच्या गुणांची गणना करतांना ही राजमाता, त्यानें उत्सव व समाज करविल्याचाही निर्देश करते. कलिंगाधिपति खारवेल याच्या हाथीगुंफा लेखांतही, त्यानें राज्याच्या तिसऱ्या वर्षीं नृत्य, गीत, वाद्य, उत्सव व समाज यांच्या योगानें राजधानीचें रंजन केलें, असें म्हटलें आहे. दोन्ही ठिकाणीं देणारा राजा आहे. खर्ची पडलेलें द्रव्य कोठून आलें याविषयीं मात्र अक्षर नाहीं. प्रशस्तीचा तो स्वभावच होय. ती दात्याचें नांव कोरते, भरणाऱ्याचें कोरीत नाहीं. याच्या उलट अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या लेखाचा सूर आहे. समाज भरवूं नये, त्यांत आपणांस पुष्कळ दोष दिसतात, तथापि कांहीं समाज आपणांस संमत आहेत, असें तो सांगतो. ते दोष कोणते याचा तो उलगडा करीत नाहीं. मद्यपान त्यांपैकीं एक असावें हा तर्क संभवनीय असला, तरी लेखांत त्यास आधार नाहीं.

महाभारत थोडें अधिक बोलकें आहे. आदिपर्वांत कुरुपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेचा प्रसंग सर्वांस परिचित आहे. द्रोणांनीं भूमि मोजून घेतली, विदुरानें धृतराष्ट्राच्या आज्ञेवरून व्यवस्था केली, शिल्प्यांनीं राजा व राजस्त्रिया यांच्यासाठीं प्रेक्षागार उभारिलें. येथवरचा खर्च उघडच राजाचा. परंतु त्याच ठिकाणीं, जानपद लोकांनीं आपापले मंच करविले, असेंही कवि नमूद करतो. हरिवंशांत कंसाच्या मल्लरंगाचें जें वर्णन आहे, त्यांतही श्रेणी व गण यांचे निरनिराळे मंच असून त्यांवर त्या त्या व्यवसायाच्या खुणा असलेल्या पताका फडकत होत्या. रंग राजाचा आणि आसन ज्याचें त्याचें, अशी ही वांटणी दिसते. काव्यांतील तपशील हा इतिहास नव्हे. तथापि श्रोत्यांस जें सर्वथा अपरिचित तें कवि सहजगत्या घालीत नाहीं, एवढें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

मद्यबंदीचा सर्वांत कठोर दाखलाही महाभारतांतच आहे. मौसलपर्वांत, शापाचें चिन्ह दिसतांच, द्वारकेंत आजपासून कोणीं सुरा किंवा आसव करूं नये, जो चोरून करील तो बांधवांसह जिवंत सुळीं चढेल, अशी दवंडी पिटविली जाते. नगरांत भयानें ती पाळलीही जाते. परंतु पुढें हेच यादव तीर्थयात्रेस म्हणून नानाविध भक्ष्यपेयें घेऊन प्रभासास निघतात आणि तेथें मद्याच्या धुंदींत परस्परांचा संहार करतात. आज्ञा नगरापुरती राहिली. यात्रा नगराबाहेर गेली आणि मद्य तिच्यामागें गेलें. दारूबंदीच्या इतिहासाचा अभ्यास करणारानें ही कथा केवळ शापकथा म्हणून बाजूस सारूं नये, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य साधनाकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राचें हस्तलिखित तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयाच्या स्वाधीन केलें, आणि १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें, ही हकीकत संग्राहकांस सांगावयास नको. एका घरची पोथी बाहेर आली नसती, तर पुढील परिच्छेदांतील एकही गोष्ट आम्हांस लिहितां आली नसती. मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या रा. प. कंगले यांच्या चिकित्सित आवृत्तीवरून आम्ही पुढील विवेचन करीत आहों. ग्रंथाच्या काळाविषयीं व एककर्तृकत्वाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. कारण अमुक राजाच्या राज्यांत असें घडलें, असा आमचा दावा नसून राज्यकारभाराचा विचार करणाऱ्यांस हा प्रश्न कसा दिसत होता, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

तिसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायांत ग्रामाच्या सामुदायिक कार्यांचे नियम आले आहेत. जो ठरलेलें काम करणार नाहीं त्यानें वेतनाच्या दुप्पट, जो पैसा देणार नाहीं त्यानें आपल्या अंशाच्या दुप्पट, आणि सामुदायिक भोजनप्रसंगीं जो खाद्यपेय देणार नाहीं त्यानेंही दुप्पट अंश द्यावा. यापुढें खेळांचा नियम येतो. प्रेक्षेसाठीं म्हणजे तमाशासाठीं ज्यानें आपला वांटा दिला नाहीं, त्यानें व त्याच्या घरच्यांनीं ती पाहूं नये. लपून पाहिली किंवा ऐकली तर दुप्पट वांटा भरावा. यावरून गांवचा खेळ हा राजाचा प्रसाद नसून गांवकऱ्यांच्या वर्गणीचें कार्य होतें, हें स्पष्ट होतें. उलटपक्षीं, दुसऱ्या अधिकरणांत बाहेरून आलेल्या वाद्यमेळानें प्रत्येक खेळामागें ५ पण द्यावेत असें सांगितलें आहे. म्हणजे राजा खेळास द्रव्य देतो ही आपली समजूत येथें उलटी होते. खेळच राजास द्रव्य देतो.

मद्याचा विचार दुसऱ्या अधिकरणाच्या २५ व्या अध्यायांत, सुराध्यक्षाच्या प्रकरणांत आहे. नेमल्या जागेवांचून मद्य करणारा, विकणारा व विकत घेणारा यांस ६०० पण दंड आहे. मद्य गांवाबाहेर नेऊं नये. नेमलेल्या कामांत कामकऱ्यांनीं चुकारपणा करूं नये, आर्यांनीं मर्यादा सोडूं नये आणि तीक्ष्ण पुरुषांस चेव येऊं नये, हीं त्याचीं कारणें. ज्यांचें शील ठाऊक आहे त्यांनीं मात्र खुणेचें अल्प प्रमाण, फार तर एक प्रस्थ, बाहेर न्यावें. इतका कडक बंदोबस्त सांगून झाल्यावर ग्रंथकार म्हणतो कीं, उत्सव, समाज व यात्रा यांच्या प्रसंगीं चार दिवस मद्य करण्याची परवानगी द्यावी, आणि त्या दिवसांत परवानगीवांचून जे करतील त्यांच्याकडून सोहळा संपेपर्यंत रोजचा दंड घ्यावा. राजपण्य नसलेल्या मद्यावर शेंकडा ५ शुल्क आहेच.

या दोन प्रकरणांचा मेळ घातला म्हणजे जमाखर्च पुरा होतो. ग्रामस्थ अंश देतात, आगंतुक मेळ वेतन देतो, मद्य करणारा शुल्क किंवा दंड देतो. उत्सवाचे दिवस हे कोशाच्या दृष्टीनें खर्चाचे नसून आवकीचे आहेत. ही केवळ आमची ओढाताण नव्हे; पांचव्या अधिकरणांत कोश रिता झालेल्या राजास स्पष्ट सल्ला आहे कीं, एखादें दैवत किंवा सिद्धस्थान रातोरात प्रकट झालें असें दाखवून तेथील यात्रा व समाज यांवर उपजीविका करावी. मात्र याच ग्रंथकारानें नव्या वसाहतींत विहारशाळा नकोत, नटनर्तकांनीं शेतकऱ्यांच्या कामांत विघ्न आणूं नये, असेंही सांगितलें आहे. खेळ त्यास सरसकट इष्ट नाहीं आणि सरसकट अनिष्टही नाहीं. त्याचा हिशेब हवा, एवढाच त्याचा आग्रह.

आपल्या महाराष्ट्रांत पाहूं गेल्यास, मल्लविद्येस राजाश्रय मिळाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. शके १०५१ मधील चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कोल्हापूरचें खासबाग मैदान शाहू छत्रपतींनीं बांधविलें, तें १९१२ सालीं तयार झालें. परंतु गांवोगांवच्या जत्रांतील कुस्त्यांचा फड हा वर्गणीवरच उभा राहत आला आहे. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सर्व पैसा घरटी गोळा होतो. मद्याच्या बाबतींत मात्र आजची रीत कौटिल्याच्या अगदीं उलट आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें जिल्हाधिकारी सार्वजनिक शांततेसाठीं मद्याचीं दुकानें बंद ठेववूं शकतो. तो चार दिवस उघडण्यास सांगे. हा बंद करण्यास सांगतो. पण दिवस तेच, आणि अधिकारी नेमलेला आहे हेंही तसेंच.

हा विषय जुन्या पोथ्यांपुरता नाहीं. ४ जुलै २०२४ रोजीं विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय क्रिकेट संघाची मुंबईंत मोठी मिरवणूक निघाली, आणि दुसऱ्या दिवशीं विधानभवनांत मुख्यमंत्र्यांनीं त्या संघास ११ कोटी रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें, तेव्हां हें द्रव्य सरकारी तिजोरींतून कां, असा प्रश्न विरोधकांनीं उपस्थित केला. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. प्रश्न मात्र जुना आहे, आणि तो विचारला गेला हेंच आम्हांस महत्त्वाचें वाटतें. बलश्रीच्या लेखाजवळ उभें राहून तो कोणीं विचारला असेल, तर त्याची नोंद उरलेली नाहीं.

शेवटीं एक स्वानुभव सांगणें अवश्य आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या गांवीं शिक्षक होतों, तेथील जत्रेच्या वर्गणीची वही, गुरुजींचें अक्षर बरें म्हणून, आमच्याकडे असे. एका वर्षीं फड रंगला असतां कांहीं मंडळी चिंचेच्या झाडावर बसून कुस्त्या पाहत होती. गांवचे एक वृद्ध पाटील आम्हांस म्हणाले, "गुरुजी, झाडावरच्यांचीं नांवें मांडून ठेवा. उद्यां त्यांच्याकडून दुप्पट घेऊं." पाटलांनीं कौटिल्य वाचला नव्हता, आणि आम्हीही तो अध्याय तेव्हां पाहिला नव्हता. यावरून परंपरा अखंड चालत आली असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. समान गरजेंतून समान नियम उपजतो, इतकेंच.

त्याच वहींत एका वर्षीं सर्वांत मोठी रक्कम गांवच्या देशी दारूच्या दुकानदाराची होती. जत्रेच्या दिवशीं त्याचें दुकान हुकुमानें बंद. शेवटच्या कुस्तीचें इनाम बहुतांशीं त्याच्या पैशाचें. ती रक्कम मांडतांना पंचमंडळी घुटमळली, आणि आम्हीं त्याच्या नांवाऐवजीं 'एक सद्गृहस्थ' असें लिहिलें. कोणी खोटें म्हटलें नाहीं. आम्हांसही त्या वेळीं तें खोटें वाटलें नाहीं. पुढें आमची बदली झाली. कांहीं वर्षांनीं गांवीं गेलों, तेव्हां त्या वह्या रद्दींत गेल्याचें कळलें. ती वही आज असती तरी तिच्यांतून खरी गोष्ट कोणास कळली नसती, कारण ती आम्हींच झांकिली होती. प्रशस्तिकारांस नांवें ठेवण्याचा आमचा अधिकार, त्यामुळें, बेताचाच आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे. सनदा, वंशावळी व बखरी आपण जिवापाड जपतां; त्यांच्याच रुमालांत यात्रेच्या पट्टीच्या याद्या, फडाच्या इनामांचे कागद, कलालाच्या मक्त्याचे हिशेब सांपडल्यास ते क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. कोणी सोहळा केला हें सनद सांगेल; कोणी भरला हें त्या याद्याच सांगतील. आणि त्यांत कोठें 'एक सद्गृहस्थ' असें आढळल्यास, तेथें वाचकानें क्षणभर थांबावें.