आजीबाईचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या, असा आपला समज असतो. आज मी जिचा इतिहास सांगणार आहे, तिचं नाव कुठल्या बखरीत सापडायचं नाही. ती म्हणजे घरातली आजी.

प्रश्न साधा आहे. गाय घ्या, शेळी घ्या. म्हातारपणापर्यंत ती वीत राहते. बाईला मात्र पन्नाशीच्या सुमारास मूल होणं थांबतं, आणि पुढे ती वीस-पंचवीस वर्षं सहज जगते. ज्या उत्क्रांतीचा सारा हिशेब संततीवर चालतो, तिनं ही वर्षं बाईच्या पदरात का टाकली?

डार्विनने १८७१ साली माणसाच्या वंशावळीवर ग्रंथ लिहिला. त्यात पुरुष शिकार करणारा आणि बायकामुलांचं रक्षण करणारा आहे. म्हातारीला तिथे जागा नाही. हेच चित्र पुढे शंभर वर्षं चाललं. १९६६ साली शिकागोला विद्वानांची परिषद भरली, तिचं नावच ‘मनुष्य शिकारी’ असं होतं. बाप शिकार आणतो, आई घर सांभाळते, म्हणून कुटुंब झालं, असा पुष्कळांचा सिद्धान्त. गंमत अशी, की त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी कालाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांचा हिशेब मांडला. त्यांच्या अन्नात निम्म्याहून अधिक भाग वनस्पतींचा होता, आणि तो बहुतेक बायकांनी गोळा केलेला!

टांझानियात एयासी सरोवराजवळ हाड्झा नावाचे लोक राहतात. शिकार, मध आणि कंदमुळं यांवर त्यांतले काही जण अजूनही गुजराण करतात. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात त्यांच्यात राहून कोण किती तास खपतो, काय आणतो आणि पोरांचं वजन कसं वाढतं, याची नोंद ठेवली. मोठं जनावर शिकाऱ्याच्या हाती क्वचितच लागे, आणि लागलं तर मांस साऱ्या वस्तीत वाटलं जाई. रोजचं पोट भरत होते ते जमिनीत खोल गेलेले कंद. टणक माती टोकदार काठीनं उकरायची, हे लहान पोराच्या ताकदीबाहेरचं काम. सर्वांत जास्त वेळ त्यासाठी कोण राबत होतं? मूल होण्याचं वय उलटलेल्या बायका.

पुढची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. आईचं मूल अंगावर पीत नसलं, तर थोरल्या पोराचं वजन आईच्या कष्टांप्रमाणे वाढे. धाकटं जन्मलं की आईचे हात अडकत, आणि मग थोरल्याचं वजन आजीच्या कष्टांप्रमाणे वाढू लागे. चिंपांझीची मादी एकटीच पिलू वाढवते, म्हणून तिला पुढलं पिलू पाच-सहा वर्षांनी होतं. माणसाची आई त्याहून लवकर बाळंत होते, कारण थोरल्याला भरवणारं दुसरं कोणी असतं. हा विचार १९९८ साली मांडला गेला.

कोणी म्हणेल, पूर्वीची माणसं तिशीतच मरत, मग आज्या कुठून आल्या? आयुष्याची सरासरी खाली येते ती तान्ह्या मुलांच्या मृत्यूंमुळे. हाड्झांतली जी बाई पंचेचाळिशी गाठते, ती आणखी सुमारे वीस वर्षं जगते. शिक्षकांनी हा मुद्दा गणिताच्या तासालाही जरूर घ्यावा.

नंतर संशोधक जुन्या दप्तरांकडे वळले. फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या चर्चच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा २००४ साली दिसून आलं, की पन्नाशीनंतर बाई दहा वर्षं जास्त जगली, तर तिला सरासरी दोन नातवंडं जास्त होत. गांबियातल्या चार खेड्यांच्या १९५० ते १९७४ च्या नोंदींत आईची आई हयात असलेली लहान मुलं अधिक तगली. बाप हयात असो वा नसो, त्यानं फारसा फरक पडलेला दिसला नाही.

पण आजी म्हणजे कुठली आजी? उत्तर जर्मनीत समुद्रकाठी क्रुमहॉर्न नावाचा मुलूख आहे. तिथल्या १७२० ते १८७४ च्या नोंदींत आईची आई असली, तर बाळाला जगण्याचा आधार मिळालेला दिसतो. बापाची आई असली, तर पहिल्याच महिन्यात दगावणारी बाळं जास्त! गरोदर सुनेवर कामाचा बोजा पडत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडायची आपली चाल इथे आठवते खरी. पण एका मुलुखावरून साऱ्या सासवांना दोष देऊ नये, आणि आपली चाल याच कारणानं पडली असंही म्हणू नये.

आजीचीच बाजू खरी, असं मानणारे सगळे नाहीत. पॅराग्वेच्या रानातल्या आचे लोकांत बहुतेक अन्न पुरुषांच्या शिकारीतून येई, आणि आजीचा फायदा तिथे तोकडा दिसला. २०२३ साली युगांडातल्या न्गोगो इथल्या चिंपांझींविषयी नवीच बातमी आली: तिथल्या कित्येक माद्या प्रजननाचं वय संपल्यावरही बरीच वर्षं जगतात. चिंपांझींच्या लेकी वयात आल्या की कळप सोडून जातात. म्हणजे लेकीची पोरं सांभाळायला तिथे म्हातारीजवळ कोणी नसतं. तरी ती जगते. का, यावर अभ्यासकांचा वाद सध्या चालू आहे.