निदानाचं दावं

गाय बांधायचं दावं आणि डॉक्टरांनी केलेलं निदान हे शब्द सख्ख्या नात्यातले आहेत. संस्कृतात ‘दा’ म्हणजे देणे, तसाच बांधणे या अर्थाचाही एक ‘दा’ धातू आहे. त्यातून ‘दामन्’ म्हणजे दोर आला. पोटाला दोर बांधलेला तो दामोदर, आणि ‘दामन्’ झिजून मराठीत झालं दावं. त्याच धातूला ‘नि’ उपसर्ग लागला की निदान. ऋग्वेदात निदान म्हणजे चक्क बांधायची दोरीच. पुढे, घडलेली गोष्ट ज्याला बांधलेली असते ते, म्हणजे मूळ कारण, हा अर्थ रुळला. बौद्ध परंपरेतली बारा निदानं ही दुःखाच्या कारणांचीच साखळी आहे.

आयुर्वेदाने हा शब्द फार जपून वापरला. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच अंगांनी रोग ओळखायचा. या पाचांतलं पहिलं निदान म्हणजे हेतू, आणि पाचही मिळून जे होतं त्यालाही निदानच म्हणायचं. कारण हाती लागल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, हे शब्दातच बसवलेलं आहे.

(‘निदान फोन तरी कर’ मधलं निदानही हेच. शब्दाला ‘शेवट’ असाही अर्थ होता. जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे अखेरीस. अखेर काहीच जमलं नाही तर एवढं तरी, असा तो प्रवास.)

‘डायग्नोसिस’ची जात वेगळी. या ग्रीक शब्दातलं ‘ग्नोसिस’ आपल्या ‘ज्ञान’चं भावंड आहे, आणि ‘डाया’मुळे अर्थ होतो वेगळं काढून ओळखणे. एकात निवड आहे, दुसऱ्यात बांधणी. आपण या दोन्हींना एकच शब्द वापरतो, आणि इतके दिवस त्यात काही बिघडलं नव्हतं. वैद्यकात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि हा फरक जीवन-मरणाचा झाला.

निवडण्यात यंत्र पटाईत आहे. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली प्रसिद्ध केली. सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रांवर ती शिकली होती, आणि पडताळणीत ती नेत्रतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. २०१८ साली अशाच छायाचित्रांवरून यंत्राने माणूस स्त्री की पुरुष हेही बहुतेक वेळा बरोबर सांगितलं, जे डोळ्यांच्या डॉक्टरांना दृष्टिपटल पाहून सांगता येत नाही.

बांधणीत मात्र ते फसतं. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला धोका जास्त, हे संगणकाला शिकवत होते. नोंदी वाचून एका प्रणालीने नियम काढला: दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी. नोंदी खऱ्या होत्या. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत, जिवाचं रान करत, म्हणून तो वाचे. यंत्राला वाचलेला माणूस दिसला; वाचवणारे हात नोंदीत नव्हते. हा नियम मानला असता तर दमेकऱ्याला घरी पाठवलं गेलं असतं. त्याच प्रयोगातलं न्यूरल नेटवर्क जास्त अचूक होतं, पण त्याच्या पोटात असे आणखी किती नियम दडलेत ते वाचता येईना, म्हणून ते रुग्णांसाठी वापरलंच नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

१९७०च्या दशकात स्टॅनफर्डला जंतुसंसर्गासाठी ‘मायसिन’ नावाची प्रणाली तयार झाली होती. तिने प्रश्न विचारला की डॉक्टरांनी ‘का?’ असं टंकायचं, आणि कोणत्या नियमासाठी ती हे विचारते आहे ते ती सांगायची. नंतरच्या यंत्रांनी अचूकता कमावली आणि हे उत्तर गमावलं. आता संशोधनाचा एक मोठा ओघ पुन्हा तिकडे वळला आहे: यंत्राने निष्कर्षाबरोबर आधारही दाखवावा, आणि सोबत दिसणाऱ्या गोष्टींतून कारण वेगळं काढावं.

तोवर क्षयरोगाच्या तपासणीतली शिस्त बरी. छातीचा एक्स-रे संगणकाने वाचावा, याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षं व त्यापुढच्या वयासाठी मान्यता दिली. यंत्र संशयित निवडतं, मग थुंकी तपासायची. त्यात क्षयाचे जंतू सापडले की खोकला, ताप आणि फुप्फुसावरचा डाग एका कारणाला बांधले जातात. अहवालावर ‘निदान’ हा शब्द तेव्हा लिहावा. एक्स-रेच्या कागदावर ‘संशय’ पुरे.