ड्रिल व्हाइस
ड्रिल व्हाइस : उभ्या ड्रिल मशीनच्या टेबलावर तुकडा घट्ट धरणारा, सपाट तळाचा शेगडा. आरपार निघताना बिट तुकड्यात अडकून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवू शकते. म्हणून तुकडा हाताने धरू नये. व्हाइस टेबलाच्या खाचांतून दोन बोल्टांनी आवळतात. लांब तुकडा फिरू नये म्हणून त्याचे टोक यंत्राच्या खांबाच्या डाव्या बाजूस टेकवतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूकामात ही पकड विशेष महत्त्वाची. गोल, पोकळ बांबू सपाट जबड्यांत घसरतो, जास्त आवळल्यास चिरतो. त्यासाठी व्ही-खाचेचे लाकडी जबडे वापरून बेताने आवळावे. हातमोजे टाळावेत, यंत्र सुरू करण्यापूर्वी चकची चावी काढावी.