गुडघ्याच्या परीक्षेचा पूर्वेतिहास

सुजलेला गुडघा घेऊन अपघातकक्षात आलेल्या रुग्णाचे हाड क्ष-किरणचित्रात अभंग दिसले, की केवळ मुरगळला आहे असे सांगून त्यास पट्टी बांधून रवाना करण्याचा जो रिवाज पुष्कळ ठिकाणी पडून गेला, त्याच्याविरुद्धचा पुरावा वैद्यकाच्या दप्तरात फार पूर्वीच दाखल झालेला होता. १८७५ साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात जॉर्ज नूलिस या ग्रीक वैद्याने, गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावी व दुसऱ्याने नडगी पुढे ओढून आतील पुढच्या अस्थिबंधाची शाबूती अजमावावी, अशी रीत वर्णिली होती. आणि १८७९ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधास १६ वर्षे अवकाश असताना, पॉल सेगाँ यांनी शवांच्या गुडघ्यांना पीळ देऊन नडगीच्या बाह्य कडेचा जो लहानसा तुकडा निखळताना पाहिला, तो आज याच बंधाच्या विच्छेदाची बलवत्तर खूण मानला जातो.

तरीही भिस्त राहिली ती गुडघा काटकोनात वाकवून करावयाच्या परीक्षेवर; आणि ताज्या दुखापतीत रक्ताने तटतटलेला सांधा तितका वाकेल, किंवा मांडीमागचे आखडलेले स्नायू नडगीला पुढे सरकू देतील, ही अपेक्षाच मुळी व्यर्थ! १९७६ मध्ये जोसेफ टॉर्ग व सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची, गुडघा किंचितच वाकवून करावयाची परीक्षा प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे ही अडचण सरली. परीक्षेस नाव मात्र लॅकमन यांचे लाभले. नूलिस यांचा हक्क त्याहून शंभर वर्षांनी जुना आहे.