रडार आणि ‘पॉश’

आता संक्षेपांकडे वळू. बीबीसी आपण एकेक अक्षर सुटं म्हणतो, रडार मात्र सलग. संक्षेप दोन्ही, पण सलग उच्चारला जातो तो ॲक्रोनिम. ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’चं ‘रडार’ अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये केलं. विसाव्या शतकाआधी इंग्रजीत असे शब्द फार विरळा. म्हणूनच ‘पॉश’ची कहाणी ऐकली की आम्हाला शंका येते. म्हणे, हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापत, म्हणजे येताना बोटीच्या डाव्या बाजूची केबिन, परतताना उजव्या, दोन्हीकडे सावली! गोष्ट झकास आहे, यात वाद नाही. पण तसं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही.